वेळ एक तास, हौशी तीन: सल्ला हवा

वाडीतला_बाबा | १४ जून, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (नुसता वाचत) होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

वय ४२. राहायला वसई पश्चिमेला, नोकरी अंधेरीत. घरात आई, बायको, मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. सकाळी सातला घर सोडतो. संध्याकाळी वसई रोडला उतरून, स्कूटर काढून वाडीत पोचेपर्यंत सव्वाआठ होतात. साडेआठला रोझरी (घरच्यांनी मिळून म्हणायची माळेची प्रार्थना), नऊला जेवण, दहाला मुलं आडवी. माझा म्हणावा असा वेळ त्यानंतरचा तासभर, तोही डोळ्यांवर झापड असताना.

या तासात तीन गोष्टी बसवायच्या आहेत.

पहिली: मे महिन्यात माळा साफ करताना आजोबांचं व्हायोलिन सापडलं. आजोबा देवळात (म्हणजे चर्चमध्ये) क्वायरमध्ये, गायकांच्या साथीला वाजवायचे. मी त्यांना वाजवताना पाहिलंय, पण कधी हात लावू दिला नाही त्यांनी. दोन तारा तुटल्यात, घोडी (तारांखालची लाकडी पट्टी) पडलीय, गजाचे केस किड्यांनी खाल्लेत. नाताळच्या मिस्सेला (देवळातल्या उपासनेला) त्यावर एक गाणं वाजवायचंय. मला संगीतातलं ओ की ठो येत नाही.

दुसरी: ऑफिसात पैज लागलीय. डिसेंबरातली वसई-विरारची हाफ मॅरेथॉन. आज पाच किलोमीटर पळतो, तेही मध्ये दोनदा बूट बांधायच्या निमित्ताने थांबून.

तिसरी हौस नाही म्हणा, पण तिचाच प्रश्न मोठा आहे. रोझरी. तिच्यात येशू-मरियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग, म्हणजे रहस्यं, असतात; मुलगा दुसऱ्या रहस्याला भिंतीला टेकून झोपतो. मुलीच्या उशीखाली मोबाइल असतो आणि तो उजळला की तिचं 'नमो मरिये' अर्ध्यात अडकतं. आई चिडते, बायको आईवर चिडते. आणि खरं सांगतो, गाडी उशिरा असली आणि रोझरी चुकली की मला बरं वाटतं. हे लिहितानाही लाज वाटतेय.

यातलं काय सोडू? बायकोचं म्हणणं, "आधी मोरीतला नळ दुरुस्त कर, मग व्हायोलिन."

---

राळ_आणि_गज | १५ जून, सकाळी ७:४०

व्हायोलिनपुरतं मी बोलतो. घाईघाईने नव्या तारा चढवू नका! आधी वाद्य कानाशी धरून हलकेच हलवा. आत काही खडखडलं तर आतली उभी काडी पडलीय. ती घोडीच्या एका पायाजवळ, पोटाच्या आत उभी असते आणि तारांचा ताण पेलते. ती पडलेली असताना तारा ताणल्या तर वरची फळी चिरते, मग आजोबा आठवतील. आवाज आला नाही तरी वरच्या भोकातून मोबाइलचा टॉर्च मारून बघा.

काडी बसवणं, घोडी घासून बेतणं, गजाला नवे केस लावणं ही कारागिराची कामं. घरी करू नका. चारही तारा नव्या घ्या आणि पुढे कधी बदलायच्या झाल्या तर एकेक करून बदला. सगळ्या एकदम सैल केल्या की काडी पुन्हा पडू शकते. गजाला नवे केस लागले की पहिल्यांदा राळ चांगली घोळून घोळून लावावी लागते. नाहीतर गज तारेवरून नुसता घसरतो, आवाजच येत नाही, आणि नवशिक्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. वाजवून झालं की गज सैल करून ठेवायचा. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, त्यांना पकड लावून जोर करू नका.

डिसेंबरचं म्हणाल तर, रोज वीस मिनिटं दिलीत तर डी आणि ए या मधल्या दोन तारांवर बसणारी एखादी साधी चाल होईल. नुसत्या मोकळ्या तारांवर सरळ गज ओढायलाच पहिले तीन आठवडे जातील. घरच्यांच्या कानांसाठी रबराचं म्यूट घ्या, घोडीवर बसतं.

आणि एक. व्हायोलिन पूर्ण मापाचं असेल तर १३ वर्षांच्या मुलीच्या हातात सहज बसेल. मुलाला मात्र अर्धं किंवा पाऊण माप लागेल, त्याला हे देऊ नका.

---

पळपुटा | १५ जून, दुपारी १:०५

पाचवरून एकवीसवर यायला सहा महिने भरपूर आहेत. आठवड्यातून तीनदाच पळा. दोन दिवस छोटं, एक दिवस लांबचं. लांबच्यात आठवड्याला साधारण एक किलोमीटर वाढवा, चौथ्या आठवड्याला कमी करा. नोव्हेंबरच्या शेवटी १६-१७ झाले की पुरे, बाकीचे चार त्या दिवशी गर्दीच पळवून नेते. वेग मोजू नका. शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतपत पळा.

रात्री दहानंतर पळायचा विचार मनातसुद्धा आणू नका. पहाटे साडेपाचला.

---

वाडीतला_बाबा | १५ जून, रात्री १०:५०

@राळ_आणि_गज, खडखडतंय. 😟

@पळपुटा, पहाटेचं जमेल, बावखलाच्या (तळ्याच्या) कडेने रस्ता चांगला आहे. पण लांबचं पळायचं तर रविवारीच, आणि रविवारी सकाळी मिस्सा, मग मुलांचं धर्मशिक्षण. शर्यतही रविवारीच असते.

---

पापडीची_आत्या | १६ जून, सकाळी ९:१५

शर्यतीच्या दिवसाचं सोपं आहे रे बाळा. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरतात. किंवा रविवारी संध्याकाळी जा. फादरांना विचार हवं तर. एरवीच्या रविवारी पहाटे पळून ये आणि आंघोळ करून देवळात ये, घामाचा नको.

आता रोझरी. मी सासू आहे, म्हणून तुझ्या आईच्या बाजूने बोलेन असं वाटत असेल. आमच्या लहानपणी रोझरी दिवेलागणीला व्हायची. बापे शेतातून आलेले असायचे, जेवणं लवकर उरकायची. तुम्ही ती गाडीच्या वेळेवर नेऊन ठेवलीत, साडेआठला. उपाशी पोर झोपणार नाही तर काय करेल? आईला सांग, सात वाजता शेजारच्या बायकांबरोबर पाचही रहस्यं निवांत म्हण. तुम्ही सगळे मिळून जेवणानंतर एकच दशक म्हणा, म्हणजे एका रहस्याचे दहा 'नमो मरिये'. पाच मिनिटं. पण मग मोबाइल दुसऱ्या खोलीत, तुझासुद्धा.

---

नगरी_सलाम | १६ जून, दुपारी ४:३०

सलाम. आम्ही नगरचे, प्रॉटेस्टंट, आमच्याकडे रोझरी नाही. पण रात्रीच्या कौटुंबिक उपासनेत तुमच्या घरासारखंच होतं. मुलगा झोपायचा आणि वडील त्याच्याकडे बघत प्रार्थना लांबवायचे (तो मुलगा मी).

आमच्या घरी चाललेलं सांगतो. बायबलच्या नव्या करारात २६० अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक वाचला तर ५२ आठवड्यांत बरोबर संपतो, शनिवार-रविवार सुट्टी. वाचणारा रोज वेगळा. आम्ही मार्कपासून सुरुवात केली, कारण ते शुभवर्तमान सगळ्यात छोटं, १६ अध्यायांचं, आणि त्यात गोष्टी भराभर घडतात. मत्तयातल्या वंशावळीने सुरुवात केली असती तर दुसऱ्या दिवशी कोणी बसलं नसतं. धाकटी अडखळत वाचते, 'यरुशलेम' म्हणताना तिची जीभ हमखास अडकते आणि सगळे वाट बघत थांबतात. प्रश्नही तिचेच जास्त. भुतं डुकरांच्या कळपात शिरतात आणि कळप पाण्यात बुडतो, त्या गोष्टीवर म्हणाली, "डुकरांनी काय केलं होतं, ती का बुडाली?" याचं उत्तर आमच्या पास्टरसाहेबांनाही पटकन देता आलं नाही.

---

स्पष्ट_बोलू_का | १६ जून, रात्री ९:२०

मॅरेथॉन सोडा. पैजेखातर गुडघे कशाला झिजवायचे? आईवडील, बायको-मुलं, देऊळ, नोकरी एवढं असताना माणसाने एकच छंद धरावा. आमच्या पिढीने छंदाशिवायच मुलं वाढवली.

---

दोहाकर_कुपारी | १७ जून, पहाटे २:१०

@स्पष्ट_बोलू_का, आणि म्हणून आमच्या पिढीला वडील फक्त पेपरामागे दिसले.

बाबा, मी दहा वर्षं इथे दोह्यात आहे. इथे आमचा रविवार शुक्रवारी येतो, सुट्टी तेव्हाच असते म्हणून मिस्सेला गर्दीही शुक्रवारीच. बायको-मुलं वसईत. रोझरी मी व्हिडिओ कॉलवर म्हणतो. नेट अडकलं की माझं 'नमो मरिये' दोन ओळी मागे राहतं आणि पोरं हसतात. तुला गाडी चुकल्यावर बरं वाटतं ना, वाटू दे, थकलेल्या माणसाला वाटतं. पण सव्वाआठला दारात पोचतोस यातच तू माझ्या कितीतरी पुढे आहेस.

मुलीचं सांगतो. माझी पंधराची आहे. तिला नुसतं 'बस' म्हटलं की ती मोबाइल घेऊन बसते. मग रहस्य सांगायचं काम तिला दिलं. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं २००२ साली पोपसाहेबांनी नव्याने घातली हे तिनेच शोधून आजीला सांगितलं. आजीचा आधी विश्वासच बसेना. दोघींचं आठवडाभर त्यावरून चाललं होतं.

---

कृष्णाकाठचा | १७ जून, सकाळी ८:३५

अवांतर: मी ख्रिस्ती नाही, वाईचा आहे. वसईच्या मुलांना घेऊन कधी इकडे या. मेणवलीच्या घाटावर, नाना फडणवीसांच्या वाड्याशेजारी, एक मोठी घंटा टांगलीय. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा इकडच्या देवळांत आल्या, त्यातली ही. तिच्यावर १७०७ साल आहे आणि कडेवर बाळ घेतलेली मरियासुद्धा. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली घंटाही वसईचीच. आमच्या आजीने आयुष्यभर त्या मरियेला देवी समजून हात जोडले. तुमच्या मुलाला ती शोधायला लावा, भिंतीला टेकून झोपणार नाही.

---

वाडीतला_बाबा | १९ जून, रात्री १०:३०

सगळ्यांना धन्यवाद. व्हायोलिन मुंबईत एका कारागिराकडे टाकलंय. शिकवणीबद्दलही विचारतो. एका क्लासने वर्षाची फी आधी भरा म्हटलं, दुसऱ्याने वय ऐकून हसू दाबलं.

---

राळ_आणि_गज | १९ जून, रात्री ११:००

वर्षाची फी आधी मागणाऱ्याला नमस्कार करून निघा. घरी येऊन शिकवणारा, महिन्याचे पैसे घेणारा बघा. क्वायरमध्येच कोणी म्हातारे वाजवणारे असतील, त्यांना विचारा. फीऐवजी केळी चालतात त्यांना.

---

वाडीतला_बाबा | २३ नोव्हेंबर, रात्री ९:५५

बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून लिहितो.

क्वायरमधले एक काका शिकवायला तयार झाले. केळी नको म्हणाले, पण सुकेळी (वाळवलेली केळी) घेतली. माझा चौथ्या बोटाचा स्वर अजून मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा येतो. मुलगी ऑगस्टमध्ये सहज म्हणून काकांसमोर बसली आणि आता व्हायोलिन तिच्या खोलीत असतं. सोमवार-बुधवार मला मिळतं, तेही विचारून. नाताळला वाजवणार ती. मी गायकांत, मागच्या रांगेत.

लांबचं पळणं १४ पर्यंत आलंय. ऑक्टोबरात गुडघा धरला होता, दोन आठवडे घरी बसलो. पैजेतले दोघे मित्र केव्हाच गळाले.

जेवणानंतरचं एक दशक चालू आहे. आईला सुरुवातीला पाच मिनिटांची रोझरी म्हणजे फसवणूक वाटायची, हल्ली 'तुमची' आणि 'आमची' असं म्हणते. मुलगा जागा असतो, पण माळेचे मणी मोजायच्या नादात अकरावं 'नमो मरिये' हमखास म्हणतो. वाईला अजून जमलं नाही, मे महिन्यात नक्की.

नळ गळतोच आहे.

आता नवा प्रश्न. मुलाला या वर्षी नाताळचा गोठा (येशूच्या जन्माचा देखावा) स्वतः करायचाय. कागदाचं गवत नको, खरं हिरवं हवं म्हणतो. आई नाचणी पेरायची, पण तिला दिवस नीट आठवत नाहीत. कधी पेरू? भिजवून की तशीच?

---

पापडीची_आत्या | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

रात्रभर भिजव. १० डिसेंबरच्या आसपास पेर, लवकर पेरलीस तर नाताळपर्यंत लोळते. पसरट ताटलीत किंवा करवंटीत थोडी माती घे, वर दाट पसर, पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. आणि कोंबड्यांपासून जप. गेल्या वर्षी आमचं सगळं बेथलेहेम त्यांनी एका दुपारी खाल्लं.