बेसमेंटमधल्या चुन्याच्या डागांपासून काळी झेड४ कशी वाचवू? पीपीएफ, सिरॅमिक की नुसती नीट धुलाई? (ठाणे)

कासारवडवलीकर

नमस्कार मंडळी,

नुकतीच सेकंड हँड बीएमडब्ल्यू झेड४ घेतली. ई८९ मॉडेल, बटणावर छत उघडणारी, रंग काळा. दोन सीटची गाडी घ्यायची हे कॉलेजपासून डोक्यात होतं, त्यामुळे सध्या जमिनीवर पाय नाहीत. पण घोडबंदर रोडला राहतो आणि इथे काळी गाडी सांभाळायची म्हणजे काय, ते आता कळायला लागलंय.

पहिला आणि तातडीचा प्रश्न. पार्किंग बेसमेंटमध्ये आहे. पावसाळ्यानंतरही स्लॅबच्या जोडातून पाणी ठिबकतंय. बॉनेटवर आणि डिकीवर पांढरे ओघळ उठलेत. बोट फिरवलं तर खरखरीत लागतात, शाम्पूने अजिबात हलत नाहीत.

दुसरा प्रश्न. एका स्टुडिओने पूर्ण गाडीला पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म) सुचवलंय, आकडा ऐकून घरी सांगायचं धाडस झालं नाही. दुसऱ्याने सिरॅमिक कोटिंग (रंगावर हाताने लावायचा पातळ थर) सांगितलं, म्हणाला ९एच आहे, दगड लागला तरी काही होणार नाही. खरं काय?

तिसरा. सोसायटीत पाइपने गाडी धुवायला बंदी आहे. रोज पहाटे गाड्या पुसणारा मुलगा येतो, एक बादली आणि एक फडकं. त्याला चालू ठेवू का?

आणि शेवटचं. ऑफिस ऐरोलीला. ही गाडी रोज न्यावी की फक्त रविवारी काढावी, यावर घरात दोन तट पडलेत.

नेरूळची_पहाट

अभिनंदन! बाकी सगळं नंतर, आधी गाडी त्या गळतीखालून हलवा. आजच. पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये लावावी लागली तरी चालेल.

क्लिअरकोट_रबाळे

दादा, अभिनंदन. रबाळे एमआयडीसीत माझं डिटेलिंगचं काम आहे, त्यामुळे हे ओघळ जवळजवळ दर आठवड्याला बघतो.

स्लॅबमधून झिरपताना पाणी काँक्रीटमधला चुना विरघळवून आणतं. गाडीवर पडलं की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याची क्रिया होते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो. म्हणून शाम्पू चालत नाही. शिवाय हे पाणी चांगलंच अल्कधर्मी असतं, जास्त दिवस राहिलं तर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, खातं. नखाने, ब्लेडने, स्क्रबरने काही करू नका. क्ले बारही (रुतलेली घाण ओढून काढायची मऊ वडी) आत्ता नको, ते कण रंगावर घासले जातील.

घरातलं पांढरं व्हिनेगर घ्या, तेवढंच पाणी घाला. गाडी सावलीत हवी, पत्रा थंड हवा. मायक्रोफायबरची घडी त्यात भिजवून डागावर नुसती ठेवा, घासू नका. दोन-तीन मिनिटांनी उचला, भरपूर पाण्याने धुवा. थर जाड असेल तर पुन्हा तेच. जिथे रंगाचा टवका उडून पत्रा दिसतोय तिथे व्हिनेगर लावू नका. शेवटी न्यूट्रल पीएचच्या शाम्पूने तो भाग धुऊन घ्या.

थर गेल्यावर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. ओघळाच्या कडेची रेघ अजून दिसत असेल तर तो डाग राहिलेला नाही, क्लिअर कोट खाल्ला गेलाय. ते पॉलिशचं काम.

आता पॉलिशबद्दल, कारण काळी गाडी आहे म्हटल्यावर प्रत्येक जण तुम्हाला ते विकायला येणार. कंपनीतून येणाऱ्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट फक्त ४० च्या आसपास, म्हणजे तुमच्या डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. प्रत्येक कटिंगमध्ये, म्हणजे मशीनने घासून केलेल्या पॉलिशमध्ये, त्यातले एक-दोन, कधी जास्त मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. तुमच्या आधीच्या मालकांनी किती वेळा करून घेतलंय कोणाला ठाऊक? म्हणून मशीन लागण्याआधी पेंट थिकनेस गेजने प्रत्येक पॅनल मोजून घ्या आणि आकडे लिहून मागा. जो स्टुडिओ मोजायला टाळाटाळ करतो तिथून निघून या. एखाद्या पॅनलवर २०० च्या पुढे आकडा आला तर तो पुन्हा रंगवलेला आहे असं धरा. आणि ई८९ चं छत ॲल्युमिनियमचं आहे. फक्त लोखंडावर चालणारा स्वस्त गेज तिथे काहीच दाखवणार नाही, दोन्हींवर चालणारा हवा.

कासारवडवलीकर

मनापासून आभार. हे कोणीच सांगितलं नव्हतं. आमच्याकडे निम्मं पाणी टँकरचं आणि बोअरचं येतं. त्याने धुतलं तर पुन्हा तसेच डाग पडणार ना?

क्लिअरकोट_रबाळे

पडणार. पाणी अंगावर वाळू दिलं की पडणार, उन्हात धुतलं तर हमखास. धुवायला ते पाणी वापरा, पण शेवटचा हात दुसऱ्या पाण्याचा मारा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी साठवून, गाळून घ्या, त्यात क्षार नगण्य असतात. नाहीतर पेट्रोल पंपावर बॅटरीचं पाणी मिळतं. आरओ फिल्टरमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी मात्र वापरू नका, त्यात क्षार उलट जास्त असतात. बरेच जण पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूने तेच वापरतात.

पद्मिनीवाले_काका

गाडी पुसणाऱ्या मुलाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

मी पाचपाखाडीत राहतो. प्रीमियर पद्मिनीच्या काळातले रंग वेगळे होते. क्लिअर कोट नव्हता, पॉलिश केलं की फडक्यावर गाडीचाच रंग यायचा आणि खालून पुन्हा ताजा रंग निघायचा. तेव्हाची रोज रगडून पुसायची सवय आपण आजच्या गाड्यांवर तशीच चालू ठेवली. आज घोडबंदरला मेट्रोचं काम, डंपर, सिमेंटची धूळ. पहाटेच्या अंधारात तो मुलगा तुमच्या आधी वीस गाड्या पुसून येतो. तेच फडकं, तीच बादली. त्यात अडकलेली वाळू तुमच्या बॉनेटवर गोल गोल फिरते. उन्हात काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात त्या तिथूनच येतात.

पण त्याचं काम तोडू नका. त्याला महिन्याचे पैसे तेवढेच द्या आणि सांगा, बाहेरून हात लावायचा नाही. काचा, चाकं, आतलं पायपुसणं, एवढंच. आमच्याकडच्या मुलाला मी स्वतंत्र मायक्रोफायबर दिले, ते मी घरी धुतो. तो मन लावून करतो, त्याला कोणी नीट दाखवलंच नव्हतं.

जीटीआय_खारघर

काकांना +१.

माझी गाडी पोलो जीटीआय. भारतात फक्त ९९ आल्या, २०१६ मध्ये, त्यामुळे एक बंपर बदलायचा म्हटला तरी शोधाशोध. म्हणून ही काळजी मला हौस वाटत नाही, गरज वाटते.

पाइप बंद असेल तर रिन्सलेस वॉश शिका, म्हणजे नंतर पाणी न मारता पुसून धुणं. एक बादली, त्यात झाकणभर द्रावण, आठ-दहा मायक्रोफायबर. टॉवेलची एक बाजू एकदाच वापरायची, मग पालटायची, घाण टॉवेल बादलीत परत बुडवायचा नाही. वरून खाली यायचं, दाराचा खालचा भाग आणि मागचा बंपर शेवटी. मात्र पावसाळ्यात चिखलाने भरलेली गाडी अशी पुसू नका. आधी प्रेशरने माती उतरवून घ्यायची, त्यासाठी बाहेर वॉशिंगला न्या आणि त्यांना सांगा की फक्त पाणी मारा, ब्रश नको.

सिरॅमिकबद्दल. ९एच ही पेन्सिलच्या कडकपणाची चाचणी आहे, हिऱ्याशी तिचा काही संबंध नाही. सिरॅमिकचा थर अगदीच पातळ असतो. पाणी आणि धूळ सहज निसटते, पक्ष्यांची विष्ठा धुवायला थोडा वेळ मिळतो, धुणं सोपं होतं. एवढं मिळतं आणि ते पुरेसं आहे. दगड तो अडवत नाही. चुन्याचे डागही त्यावर पडतातच. तुमच्याशी दगडाची भाषा ज्याने केली त्याच्याकडे गाडी देऊ नका.

दगड अडवायचा तर पीपीएफच. टीपीयू या लवचिक प्लास्टिकची फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉनची असते आणि बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेने आपले आपण भरून येतात. पीव्हीसीची स्वस्त फिल्म कोणी गळ्यात मारली तर घेऊ नका, ती पिवळी पडते. मी फक्त पुढचा बंपर, बॉनेट, पुढचे फेंडर, आरसे आणि मागच्या चाकांपुढची पट्टी केली. खर्च आटोक्यात राहिला आणि मार बसतो तो तिथेच.

आणखी एक. रेल्वे रुळांजवळ गाडी उभी राहत असेल तर रंगात लोखंडाचे कण रुततात. माझ्या पांढऱ्या गाडीवर तपकिरी ठिपके दिसायचे. आयर्न रिमूव्हर फवारला की ते जांभळे होऊन वाहून जातात. काळ्या गाडीवर हे डोळ्यांना दिसत नाही, पण कण असतातच.

माजिवडा_टर्बो

असहमत, ताई. घोडबंदरला रोज चालवणार असतील तर पूर्ण गाडीलाच पीपीएफ हवं. डंपरच्या मागे खडी उडते ती दारांवरही येते, आणि सोसायटीत शेजारच्या गाडीचं दार लागतं ते वेगळंच. एकदाच खर्च, मग डोक्याला ताप नाही.

क्लिअरकोट_रबाळे

टर्बोभाऊ, माझा धंदा पीपीएफचाच आहे, तरी इथे सावध राहीन. गाडी सेकंड हँड आहे. एखादं पॅनल साध्या गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलं असेल तर फिल्म काढताना रंग सोबत निघू शकतो. म्हणून आधी मोजणी, मग निर्णय. आणि फिल्म प्लॉटरवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, कापलेली घ्या. गाडीवर ठेवून ब्लेडने कापणारे कारागीर असतात, हात एवढासा दाबला तरी क्लिअर कोटमध्ये कायमची रेघ.

पारदर्शक पीपीएफला आरटीओचं काही लागत नाही. रंग बदलणारं रॅप करणार असाल तर आरसी बुकात नोंद हवी, हेही सांगून ठेवतो.

नेरूळची_पहाट

आता रोज की रविवारी यावर. माझं मत ठाम आहे: चालवा. ही गाडी झाकून ठेवायला बनवलेली नाही. उभी राहिली की बॅटरी उतरते, टायर चपटे पडतात, छताची रबरं कडक होतात. कव्हर घालून ठेवणाऱ्यांना वाटतं आपण जपतोय, पण धुळीच्या गाडीवर कव्हर ओढलं की प्रत्येक वेळी तीच धूळ रंगावर घासली जाते.

पण घोडबंदरवरून ऐरोली, सकाळी नऊला? नको. रनफ्लॅट टायरच्या (हवा गेली तरी थोडं अंतर चालणाऱ्या) कडा कडक असतात, खड्ड्याचा धक्का सरळ रिमला बसतो, आणि या गाडीत स्टेपनी नाही. शिवाय तीन तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडून त्या इंजिनाला आणि तुम्हाला काय मिळणार?

आठवड्यातून दोन पहाटा काढा. साडेपाचला निघून ठाणे-बेलापूर रोडने खाली या, वाशीहून पाम बीच, छत उघडं. तिथे शर्यत लावू नका, ते लोकांच्या राहण्याचं ठिकाण आहे आणि त्या रस्त्याने बरेच जीव घेतलेत. खाडीचा वारा घ्यायचा आणि इंजिन पूर्ण गरम होऊ द्यायचं. अटल सेतूची सगळे चौकशी करतात. २१.८ किलोमीटर, वेगमर्यादा १००, एकदा जरूर करा, पण सरळसोट आहे, स्टिअरिंगला काम नाही. या गाडीचा खरा आनंद वळणात आहे. हिवाळ्यात मुरबाडमार्गे माळशेज घाट. पावसाळ्यात तिथे धुकं आणि गर्दी असते, तेव्हा नको.

पद्मिनीवाले_काका

पहाटशी सहमत. आणि घरातल्या दुसऱ्या तटालाही एकेकदा शेजारच्या सीटवर बसवा, तट आपोआप विरघळेल.

कासारवडवलीकर

सगळ्यांचे आभार, आता हिशोब देतो.

गाडी तात्पुरती पोडियमवर हलवलीय. व्हिनेगरने डिकीवरचे ओघळ पूर्ण गेले. बॉनेटवर दोन ठिकाणी टॉर्चमध्ये पुसट कडा दिसतेय. वाशीच्या एका स्टुडिओत मोजणी करून घेतली. बाकी सगळीकडे १०५ ते १३०, डाव्या पुढच्या फेंडरवर २६०. म्हणजे तो रंगवलेला निघाला. विक्रेत्याने हे सांगितलं नव्हतं, पण आता निदान माहीत तरी आहे.

ठरलंय ते असं: बॉनेटवर तेवढ्याच जागी हलकं पॉलिश, पुढच्या भागाला पीपीएफ पण तो फेंडर वगळून, बाकी गाडीला सिरॅमिक. पुसणाऱ्या मुलाशी बोललो, चाकं आणि काचा त्याच्याकडे. गळतीचा अर्ज फोटो जोडून सोसायटीच्या कमिटीकडे दिलाय. माझ्या शेजारच्या दोन गाड्यांवरही तेच ओघळ निघाले, त्यांनीही सह्या केल्या.

एक राहिलं. छताच्या रबरांना काय लावायचं?

क्लिअरकोट_रबाळे

रबरासाठी मिळणारं सिलिकॉनचं कंडिशनर, पेट्रोलियम जेली नको, तिने रबर फुगतं. आधी ओल्या फडक्याने धूळ काढा, मग अगदी पातळ हात. छत आणि डिकीच्या मधल्या पन्हळीत पानं अडकलेली असतील तर तीही काढा, पाणी जायची वाट तिथूनच आहे. आणि त्या फेंडरवर सिरॅमिक चालेल, फिल्म टाळलीत ते बरोबर केलंत.