पोटरी सुजली, तेल लावू का?

बी-३०४ काकू: मंडळी, रविवारी पुण्याहून ट्रॅव्हल्सनं आले, चौदा-पंधरा तास पाय लटकवून. तेव्हापासून डावी पोटरी दुखून राहिली. आज पाहते तर सुजली, लालसर-जांभळी दिसते. पडले नाही, मार नाही. कोणाकडे महानारायण तेल आहे का?

ए-१०२ आजी: माझ्याकडे आहे. नातवासोबत पाठवते. कोमट करून चांगलं रगड.

सी-२०१ दादा: आजी, माफ करा, तेल नका पाठवू. काकू, पोटरी अजिबात चोळू नका. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबांचं असंच झालं होतं. आम्हीच तीन दिवस रगडत होतो. चौथ्या दिवशी पायऱ्या चढताना धाप लागली, थेट आयसीयू. पोटरीच्या आतल्या शिरेत गुठळी होती, तिचा तुकडा फुप्फुसात गेला. वाचले, पण त्या तेलाचा वास मला अजून सहन होत नाही. शिलाईचा टेप घ्या, दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोजा.

बी-३०४ काकू: डावी ३९, उजवी ३५. हात लावला तर गरमही लागते.

सी-२०१ दादा: ३ सेंटिमीटरच्या वर फरक असला की डॉक्टर गंभीरपणे घेतात. आजच दाखवा. कलर डॉपलर तपासणी करतील, ती म्हणजे शिरांची सोनोग्राफीच. गुठळी निघाली तर रक्त पातळ करायचं औषध देतात. धाप, छातीत कळ, थुंकीत रक्त असं काही आहे का? असेल तर सरळ १०८.

बी-३०४ काकू: नाही, तसं काही नाही.

बी-१०१ वहिनी: माझी घोट्याजवळची कातडी दोन वर्षांपासून तपकिरी झाली, खाजते. शाळेत दिवसभर उभी असते. मीही आजच जाऊ?

सी-४०३ ताई: मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात सिस्टर आहे म्हणून सांगते. वहिनी, शिरांच्या झडपा सैल पडल्या की रक्त खाली साचतं, त्यातलं लोह कातडीत उतरतं, त्याचा तो रंग. आज धावपळ नको, पण टाळूही नका. तिथं जखम झाली तर भरता भरत नाही. घट्ट मोजे मात्र मनानं घालू नका, पायाला रक्त आणणारी धमनी अडली असेल तर पायाला धोका.

ए-३०१ भाऊ: मी अंबाझरीला फिरतो तर अर्ध्या वाटेत पोटरी आवळते. थांबलो की दोन मिनिटांत मोकळी. बोटं गार राहतात.

सी-४०३ ताई: भाऊ, तंबाखू-सुपारीचा खर्रा सुरू आहे ना अजून? हे धमनी अरुंद झाल्याचं लक्षण वाटते. याच आठवड्यात पायाची नाडी तपासून घ्या, शुगरही. आणि कधी पाय एकाएकी पांढरा, गार, बधिर पडला, तर घरी थांबू नका बाप्पा. पाय वाचवायला तासच असतात, दिवस नाही.

ए-३०१ भाऊ: दिवसाला चार पुड्या होतात. उद्याच जातो.

सी-२०१ दादा: काकू, गाडी गेटवर लावली. लिफ्टनं या.

बी-३०४ काकू: बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी घेतली. उतरून राहिलो आम्ही दोघं.

ए-१०२ आजी: तेल कपाटात ठेवलं. डॉक्टर काय म्हणाले ते कळव गं बाई, किती का रात्र होईना. मी जागीच आहे.