शोरूमचं रिपेअर बिल: महाग लेबर की न मोजता बदललेले पार्ट?

धागाकर्ता
शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दिली की लेबरच्या दरावरून ओरड होते. माझं म्हणणं वेगळं आहे. खिसा कापला जातो तो न मोजता पार्ट बदलल्यामुळे.

ब्रेकचंच घ्या: चाकाबरोबर फिरणारी डिस्क आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड. नव्या पॅडचं मटेरियल साधारण १० ते १२ मिमी असतं, ३ मिमीवर आलं की बदलायचं. डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेली असते. तरीही एस्टिमेटवर नुसतं 'पॅड व डिस्क बदलणे', माप कुठेच नाही. माप घेतलं तरी वर्निअरने (सपाट जबड्यांची सरकती मोजपट्टी). झिजलेल्या डिस्कच्या कडेला उंचवटा राहतो, वर्निअर त्यावर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो. तिथे मायक्रोमीटरच हवा, त्याची टोकं कडेच्या आत टेकतात. आतला पॅड संपलाय आणि बाहेरचा अर्धा शिल्लक आहे, तर आधी कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) स्लाइड पिना बघा, ज्यांवर तो सरकतो. त्या जाम असतील तर साफ करून सिलिकॉन ग्रीस लावल्याशिवाय नवे पॅडही तसेच जाणार. (साधं ग्रीस नको, रबर फुगतं.)

प्रतिसाद १
असहमत. निदानाला वेळ लागतो आणि 'नुसतं बघायचे पैसे कसले?' असं विचारणारेच जास्त. मग अख्खा पार्ट बदलणं हाच सुरक्षित मार्ग उरतो. लोअर आर्मचं (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातलं रबर, प्रेसवर काढून नवं बसवलं आणि महिन्याने परत खडखड आली, तर शिव्या आम्हा मेकॅनिकनाच. पूर्ण आर्म टाकला की त्याच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा, बॉल जॉइंटही नवा येतो.

प्रतिसाद २
बॉल जॉइंटला प्ले (ढिलेपणा) असेल आणि तो सुटा मिळत नसेल, तर आर्म बदलणं बरोबर. पण बुश लवकर जाण्याचं एक मोठं कारण बोल्ट आवळण्याची पद्धत आहे. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळतायत आणि तशातच बोल्ट आवळला, तर गाडी खाली आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते फाटतं. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा टॉर्क द्यायचा, म्हणजे बोल्ट पूर्ण आवळायचा. हे चुकलं तर नवा आर्मही वाचत नाही.

धागाकर्ता
अगदी. मिसफायरचंही (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) तेच. स्कॅनरवर पी०३०२ हा बिघाडाचा कोड आला, म्हणजे दुसरा सिलिंडर. चारही कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारे पार्ट) मागवण्याआधी दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. पी०३०२ च राहिला तर स्पार्क प्लग, इंधन फवारणारा इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

प्रतिसाद १
कॉइल वरच सहज हाती लागत असेल तर. काही इंजिनांत आधी इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरना हवा पोचवणाऱ्या नळ्यांचा भाग) उतरवावा लागतो. शिवाय काही कॉइल गरम झाल्यावरच दगा देतात, थंड इंजिनावर अदलाबदल करून काही कळत नाही. टेस्ट ड्राइव्ह लागते, त्याचा वेळ कोण देणार?

धागाकर्ता
त्याचे पैसे घ्या ना! एस्टिमेटवर 'निदान' अशी वेगळी ओळ टाका, मापं लिहा. मी तरी आनंदाने देईन. आणि गाडीवाल्यांनीही जॉब कार्डवर पार्टचं नाव लिहून देऊ नये, लक्षण लिहावं. 'डिस्क बदला' लिहिलं तर डिस्कच बदलतील. 'वेगात ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं' लिहिलं, तर किमान कुणी हबवरचा (डिस्क ज्यावर बसते तो भाग) गंज बघेल. तो वायर ब्रशने न काढता नवी डिस्क चढवली, तर ती वाकडी बसते आणि थोड्याच दिवसांत तीच थरथर परत येते.