पोरं फॉर्मवर क्रिकेट आणि योगा टिक करतात, प्रत्यक्षात कोणीच येत नाही. कोकणातल्या कॉलेजवाल्यांनी सांगा काय करायचं

सड्यावरचा_सर
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या एका छोट्या कॉलेजात पीटी बघतो. नवीन शैक्षणिक धोरणात को-करिक्युलरचे क्रेडिट आलेत, त्यात योगा, स्पोर्ट्स, एनएसएस, एनसीसी, कल्चरल असं सगळं बसतं, म्हटलं पोरांना आवडीचं देऊया, म्हणून गूगल फॉर्म काढला, कुठला खेळ आवडतो ते टिक करा. बहुतेक पोरांनी क्रिकेट, बहुतेक पोरींनी योगा. बरं, मग योगाला तरी यावं की नाही? पहिल्या आठवड्यानंतर चटया गुंडाळलेल्या त्या तशाच. आणि क्रिकेटवाले कॉलेजच्या ग्राउंडवर फिरकत नाहीत, पण रविवारी वाडीच्या टीमकडून टेनिस बॉल टूर्नामेंटला सगळे हजर! आवड ओळखायची तरी कशी? की आमच्याकडच्या पोरांना खरंच खेळायचंच नाहीये?

मळ्यातला_रेडर
सर, फॉर्मात काय इचारतास, आधी येष्टीचा टायमिंग बघूक व्हया 😄
आता सिरियसली. कुडाळकडचा आहे, कॉलेजात असताना झोनलला कबड्डी खेळलोय. आपल्याकडे कुठला खेळ चालतो हे आवडीपेक्षा जागा ठरवते. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८, एवढी सपाट जागा देवळासमोर, कोणाच्या खळ्याबाजूला कुठेही निघते, म्हणून वाडीवाडीत कबड्डी. खो-खोला २७ बाय १६ लागतं, डोंगरउतारावर ते कुठून काढणार? आणि काढलंच तर सड्यावर, म्हणजे खाली जांभा, वर ट्रॉलीने आणून टाकलेली माती, ती पहिल्या दोन पावसात वाहून खालच्या परसात जाते. त्यावर पोल डाइव्ह, म्हणजे खांब धरून झेप, मारून बघा म्हणजे गुडघ्याची साल कशी निघते ते कळेल. क्रिकेट पण भात कापून झालं की कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, सुरू होतं, तोपर्यंत कोणी बॅट काढत नाही. आणि तुमचं पहिलं सेमिस्टर कधी? जून-जुलै ते दिवाळी, अख्खा पावसाळा. म्हणजे मैदान वाळतं तेव्हा तुमची परीक्षा.

लास्ट_एसटी
मी एसवायला आहे, दुसऱ्या कॉलेजात, पण फॉर्म अगदी असाच आला होता आणि मी पण योगा टिक केलं होतं. का ते सांगते सर, रागावू नका. योगा आवडतो म्हणून नाही, योगाला कपडे बदलावे लागत नाहीत, ओढणी बांधली की झालं. आमच्याकडे लेडीज रूममध्ये कडी नीट लागत नाही, तिथे ट्रॅक पँट घालून परत ड्रेस घालायचा म्हणजे एकीने दार धरून उभं राहायचं. आणि स्पोर्ट्सचा तास ठेवतात चारनंतर, तेव्हा प्रॅक्टिकल सुटलेलं असतं आणि एसटी असते, ती चुकली की पुढची काळोख पडल्यावर, मग घरी जे ऐकायला लागतं ते वेगळंच. स्टॉपवरून घर वर घाटीत आहे, चढून जाईपर्यंत माझी पीटी होते 😅
पण शाळेत मी खो-खो खेळायचे आणि चांगली खेळायचे. जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, प्रियांका इंगळेची, म्हणजे आपली भारताची महिला टीम जिंकली, ती फायनल आम्ही मैत्रिणींनी मोबाइलवर बघितली, दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी म्हणत होत्या आपण पण खेळूया. विचारलं मात्र कोणीच नाही. सकाळी पहिल्या लेक्चरच्या आधी ठेवा ना, सकाळच्या एसटीने तसं पण आम्ही लवकरच येऊन बसतो.

भरती_२६
सर तुमच्या फॉर्ममध्ये पळणं हा ऑप्शन होता का? नसणारच. पहाटे रस्त्यावर जाऊन बघा, निम्मी पोरं तुमच्याच कॉलेजची असतील. पोलीस भरतीला मैदानी ५० मार्कांची, पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. डांबरावर पळून नडगी दुखते आणि गोळा तर कोणाकडे नसतोच, ७.२६ किलोचा पोरांचा आणि ४ चा पोरींचा, आमच्या वाडीत पोरं चिऱ्याचा तुकडा फेकतात. कॉलेजने गोळे काढून दिले आणि कोणी टेक्निक दाखवली तर हजेरीची काळजीच नको. खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे ते पण पोरांना नीट समजावत नाही कोणी, सर्टिफिकेट कुठल्या लेव्हलचं लागतं हे कळेपर्यंत टीवाय संपतं.

जुना_जिमखाना
वरच्यांशी बऱ्यापैकी सहमत, पण सगळं भरतीवर नेऊ नका राव. ज्याला भरती द्यायची नाही, ज्याची उंची बसत नाही, त्याने काय करायचं? दापोली भागात बरीच वर्षं शिकवलंय, पावसाळ्यात जिमखान्यात गर्दी असायची ती कॅरमला. तीच पोरं फॉर्मवर क्रिकेट लिहायची कारण कॅरम हा खेळ आहे असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. फक्त आपल्या हवेत बोर्ड फुगतो, पावडर ओली होऊन स्ट्रायकर मध्येच अडकतो, तर बोर्ड भिंतीला टेकवून न ठेवता वर टांगा, आणि खाली साधा बल्ब लावून ठेवा. आणि हो, योगाला नावं ठेवू नका, पोरी येत नाहीत कारण २१ जूनला फोटोपुरता होतो आणि पुढे तोच सूर्यनमस्कार वर्षभर.

सड्यावरचा_सर
@लास्ट_एसटी रागावतोय कशाला, कडीचं आजच प्राचार्यांना सांगितलं, सुतार येतोय. फॉर्म परत काढतोय, आता खेळाचं नाव सगळ्यात शेवटी, आधी कुठल्या एसटीने येता, कुठल्या एसटीने जाता, आत्ता घरी-वाडीत काय खेळता, भरती देणार का. गोळ्यांचं कोटेशन मागवलंय. खो-खो सकाळी करून बघू पण पोल रोवायला खाली कातळ आहे, पहारीने होत नाही, कोणी केलंय का असं?

मळ्यातला_रेडर
पहार मोडेल सर. विहिरीवाल्यांकडे ब्रेकर असतो, त्याला चहापाण्यावर बोलवा, दोनच खड्डे आहेत. पोल वर १२० ते १२५ सेंटीमीटर राहायला हवा, त्या हिशोबाने खाली किती घालवायचा ते आधी ठरवा, आणि सिमेंट पाऊस थांबल्यावरच ओता.