जार पडायची वाट पाहू नका

"जार पडल्याशिवाय वासराला चीक पाजायचा नाही," असं एका दादांनी लिहिलंय. (जार म्हणजे गाय-म्हैस व्याल्यावर बाहेर पडणारी वार, चीक म्हणजे व्याल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध.) आमच्याकडची जुनी माणसंही हेच सांगतात, पण कित्येक वासरं या वाट पाहण्यापायीच जातात. गाय-म्हशीची प्रतिकारशक्ती वासराला पोटात असताना मिळत नाही, चिकातूनच मिळते. आणि ती शोषून घ्यायची आतड्यांची ताकद तासागणिक घटते, २४ तासांत जवळपास संपतेच. म्हणून तास-दोन तासांच्या आत पहिला चीक पोटात गेला पाहिजे. पहिल्या दिवसात एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर, तीन-चार वेळा विभागून. उलट वासरू लुचलं की गर्भाशय आकसतं आणि जार पडायला मदतच होते. १२ तासांत नाही पडला तर डॉक्टरांना बोलवा, हात घालून ओढू नका. नाळ कापली की लगेच टिंक्चर आयोडीन, हे वेगळं सांगायला नको.

रात्रीच्या जागरणावर एक उपाय: शेवटचे दोन-तीन आठवडे मुख्य वैरण संध्याकाळी उशिरा टाका. बऱ्याच गाई मग दिवसा वितात. सगळ्याच नाही, त्यामुळे बॅटरी उशाशी असू द्या. पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) दिसून दोन तास झाले तरी वासरू पुढे सरकत नसेल, किंवा एकच पाय नाहीतर नुसतं शेपूट दिसत असेल, तर सकाळ व्हायची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा.

रेडकांना (म्हशीच्या पिलांना) आईच्या दुधातूनच गोल जंत होतात. पहिलं जंताचं औषध दहा दिवसांच्या सुमारास, डॉक्टरांना विचारून. रेडकू नर आहे म्हणून टाळू नका!