थर्मोस्टॅट काढून उपयोग नाही
टर्बो गाडी घाटात तापते तेव्हा थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह) काढला की ती थंड राहते, असं कुणीतरी म्हटलंय, ते पटलं नाही. गोवा-कर्नाटक सीमेवरच्या अनमोड घाटात दुसऱ्या गिअरवर बूस्ट (टर्बोचा दाब) चढलेला असताना कमी पडते ती रेडिएटरला लागणारी हवा. रेडिएटरसमोर मोठा इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारी जाळी) बसवला की त्याच्या आणि रेडिएटरमधल्या फटीतून समोरून येणारी हवा बाजूनेच निसटते. फट चारही बाजूंनी फोमच्या पट्टीने बंद करा. मग गाडी उभी ठेवून, फॅन चालू असताना इंटरकूलरसमोर कागद धरा. चिकटला नाही तर अजून कुठेतरी फट आहे, नाहीतर फिन्समध्ये (जाळीच्या पातळ पत्र्यांत) लाल धूळ बसलीय. ती इंजिन थंड झाल्यावर फॅनच्या बाजूने साध्या नळाने धुवायची. प्रेशर वॉशरने फिन्स वाकतात.

आणि कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, कूलंट पाण्याशी ५०:५० कशाला? गोव्यात काय पाणी गोठतंय? ३० टक्के कूलंट, ७० टक्के डिस्टिल्ड वॉटर उष्णता जास्त ओढतं. नुसतं पाणी मात्र नको, आतून गंज धरतो.