गोलातला आर म्हणजे कुंकवाचा टिळा नाही

जालना डीटीपी: काल इथं एकानं सल्ला दिला, "मसाल्याच्या पुडीवर नावापुढं गोलातला आर टाका, नक्कल करायची कुणाची छाती होत नाही." आज सकाळीच गिऱ्हाईक दारात, "तेवढा आर टाका." अहो, गोलातला आर (®) म्हणजे नोंदलेल्या ट्रेडमार्कची खूण. नोंदणी नसताना तो लावला तर १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम १०७ लागतं, दंड बसतो. नोंदणी व्हायचीय? टीएम (™) लावा, म्हणजे नाव आपलं असल्याचा नुसता दावा, त्याला कुणाला विचारावं लागत नाही. आणि नावापुढं गोलातला सी (©), म्हणजे कॉपीराइटची खूण, लावणारे तर धन्यच! कॉपीराइट चित्राला, मजकुराला असतो, दुकानाच्या नावाला नाही.

लातूरचा मसाला: सल्ला माझाच होता. कायदा काय सांगायलाव राव? आईच्या मसाल्याचं नाव शेजारच्या तालुक्यातल्यानं उचललं, तेव्हा कुठं होतं तुमचं कलम? आर दिसला की माणूस बिचकतो तरी.

बीडची वकील: बिचकत नाही. तुम्ही नोटीस काढली की समोरचा वकील आधी तुमचा खोटा आर पुढं करणार. वैयक्तिक नावानं ऑनलाइन अर्ज, मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपये. मसाले वर्ग ३० मध्ये. आईचा वापर आधीचा असेल तर नोंदणीशिवायही दावा करता येतो. जुनी बिलं शोधा.

परभणीकर: ते सगळं खरं, पण चिन्ह काढायचं कसं? ऑल्ट धरून ०१७४ दाबलं तर भलतंच अक्षर उमटलं.

जालना डीटीपी: श्रीलिपी, म्हणजे मराठी टायपिंगचा जुना फाँट, चालू असंल. त्यात त्या आकड्याच्या जागी मराठी अक्षर बसवलेलं असतं. तेवढंच चिन्ह निवडून फाँट एरियल करा. सी ०१६९, टीएम ०१५३. आकडे उजवीकडच्या पट्टीवरचेच दाबा.

नांदेडकर: अजून श्रीलिपी? वडिलांच्या कविता त्याच फाँटात होत्या. फाँट नसलेल्या लॅपटॉपवर फाइल उघडली, तर ओळीओळीत गोलातले सी न् आर सांडलेले. कविता कुठंच नाही. युनिकोडात प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच ठरलेला आकडा, आर कुठंही न्या, आरच राहतो.

जालना डीटीपी: आले युनिकोडवाले! आमच्या छापखान्यात पानं लावायला जुनं पेजमेकर सॉफ्टवेअर आहे, युनिकोड टाकलं की नुसती प्रश्नचिन्हं. लग्नसराईत रात्री दोनला पत्रिका अडली की तुम्ही येणार का? नवी मशीन, नवं सॉफ्टवेअर, पैसे कोण देणार?

नांदेडकर: पेजमेकर बंद पडून जमाना झाला. तुमच्या आळसापायी लोकांचं लिखाण मरायलंय.

जालना डीटीपी: आळस? तुमच्या वडिलांची फाइल आणा, कन्व्हर्टरमधून युनिकोडात काढून देतो. फुकट. मग बोला.

परभणीकर: ओळीओळीला सी म्हणजे कवितेला कॉपीराइट आपोआपच की!

बीडची वकील: हसा. पण चिन्ह नसलं तरी आपोआपच असतो. १९५७ च्या कायद्यानं लिहिल्यापासून, कवीच्या पश्चात ६० वर्षं.

नांदेडकर: फाइल पाठवतो. मत तेच आहे.

लातूरचा मसाला: बरं, आर काढायलो, टीएम लावतो. झालं समाधान? पण छापून पडलेल्या पुड्यांचं काय करू, ते सांगा आता.

जालना डीटीपी: आरवर टीएमचं स्टिकर चिकटवा. डिझाइन मात्र नांदेडकरांकडून करून घ्या, युनिकोडात.